सुजलेल्या पायाला तेल लावण्यापूर्वी

माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ लागतं ते रसायनशास्त्राचं. तेव्हा हा लेख वैद्यकीय सल्ला म्हणून वाचू नये. पण माझ्या हातून एक चूक झाली, ती मंडळाच्या सभासदांना सांगावीशी वाटते.

आपल्यातल्याच एका घरचा तरुण मुलगा मोटार अपघातात मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली लुळा झाला. मंडळाने सहा आठवडे डबे पोचवले. मुलगा घरी आला आणि आपण सगळे आपापल्या व्यापात गुंतलो. पुढे थोड्याच दिवसांत त्याची मांडी सुजली, कातडी गरम लागू लागली, बारीक ताप आला. आईने मला फोन केला. मी म्हटलं, “काकू, व्यायामाने मुका मार बसला असेल. तेल चोळा, शेक द्या.” चार दिवस गेले. मग थेरपिस्टने पाय वाकवून पाहिला, तर खुबा मध्येच अडला. तपासणीत कळलं की खुब्याभोवतीच्या स्नायूंत नवं हाड तयार होत होतं.

याला हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणतात. पहिल्या महायुद्धातल्या लुळ्या झालेल्या सैनिकांमध्ये ऑगस्टा देजरीन-क्लुम्पके या महिला डॉक्टरने आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1918 साली त्याचं वर्णन केलं. म्हणजे आजार नवा नाही, आपल्यालाच तो ठाऊक नाही. मज्जारज्जूच्या इजेनंतर बहुधा पहिल्या चार महिन्यांत, इजेच्या पातळीच्या खालच्या सांध्यांभोवती तो होतो. सर्वांत जास्त खुब्याला, त्याखालोखाल गुडघ्याला. हा नुसता साठलेला चुना नव्हे, आत मज्जा असलेलं खरंखुरं हाड असतं.

माझी चूक दुहेरी होती. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पाय असाच सुजतो. अशा पायाला चोळलं तर गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. आणि ज्या पायाला संवेदना नाही, त्याला शेकताना भाजलं तरी कळत नाही. सूज दिसली की त्याच दिवशी डॉक्टरला फोन, हेच बरोबर उत्तर होतं.

उशीर का नको, ते माझ्या विषयातून सांगते. यावर वापरलं गेलेलं एटिड्रोनेट हे बॉयलरमध्ये क्षारांचे थर धरू नयेत म्हणून वापरतात तेच रसायन. ते स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतं, पण तयार झालेलं हाड विरघळवत नाही. सुरुवातीला सूज कमी करणारी औषधंही देतात. हाड पक्कं होऊन सांधा अडला, तर शस्त्रक्रियेशिवाय फारसा मार्ग उरत नाही.

काकूंना कुणी सांगितलं, “दूध बंद करा, कॅल्शियमने हाड वाढतं.” हे हाड दुधामुळे होत नाही. उलट लुळ्या पायाची मूळची हाडं विरळ होत जातात. डॉक्टरांना न विचारता दूध तोडू नये. दुसरं कुणी म्हणालं, “आईनेच पाय जास्त वाकवला असेल.” असं बोलून आपण काय साधतो? थेरपिस्टने शिकवलेली हलकी हालचाल आवश्यकच असते.

माझं म्हणणं एवढंच, की आपली मदत चुकीच्या वेळी संपते. डबे थांबतात तेव्हाच असे धोके सुरू होतात. म्हणून अशा घरी निदान सहा महिने दर पंधरवड्याला कुणीतरी जावं आणि डॉक्टरांच्या भेटीला सोबत बसावं. काही जण म्हणतील, हे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं झालं. मग आधी विचारावं. नको म्हणाले तर राहिलं. भाषेची अडचण असेल तर, अमेरिकेत केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांना 1964 च्या नागरी हक्क कायद्यामुळे विनामूल्य दुभाष्या द्यावा लागतो. तो हक्काने मागावा.

मुलगा आता व्हीलचेअरवर बसतो, पण उजवा खुबा पूर्वीसारखा वाकत नाही. ते माझ्या चार दिवसांमुळे झालं की नाही, कोण सांगणार? काकूंनी मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच हे लिहिलं.