नववीच्या मुलीचा डबा

दसऱ्याच्या सुमारास पारोळा तालुक्यात कापूस वेचणी सुरू झाली, की अनेक घरांतली सकाळ घाईची होते. आईवडील दोघेही लवकर शेतात जातात आणि शाळेच्या डब्याऐवजी मुलांच्या हातावर दहा रुपये टेकवले जातात. मधल्या सुट्टीत त्याचे चटपटीत पाकीट येते, नाहीतर बिस्किटाचा पुडा. मैदा, साखर, मीठ आणि तेल यांनी भूक मोडते; पोषण होत नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना शिजवलेला पोषण आहार मिळतो. केंद्राच्या निकषानुसार त्यातून पाचवीपर्यंत ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीत ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. ‘खिचडी गरिबांची’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. मुलांनी ती पोटभर खावी.

नववीत मात्र हा आहार थांबतो. नेमक्या याच वयात उंची वाढत असते, मुलींची पाळी सुरू झालेली असते आणि शरीराची लोहाची गरज वाढते. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या सुमारे ४० टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. अशी मुलगी आजारी दिसतेच असे नाही. ती लवकर दमते, तिचे वर्गात लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘आळशी झाली.’ शाळेतून दर आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते, पण उपाशीपोटी घेतली तर अनेकींना मळमळते. मग मुली ती टाळू लागतात. गोळी सरकारने दिली, तरी तिच्याआधी पोटात चार घास हवेत.

डबा अवघड होतो तो दोन गोष्टींमुळे. रोज नवे काही हवे हा हट्ट आणि सगळे एकट्या आईनेच करायचे ही रीत. दोन्ही सोडाव्यात. आठवड्याला तीन डबे पुरतात. तेच आलटून पालटून द्यावेत. एक दिवस कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दुसऱ्या दिवशी पोळी आणि मोडाच्या मटकीची सुकी उसळ, तिसऱ्या दिवशी मेथी घातलेले धपाटे. चटणी आठवड्यातून एकदाच कुटावी. मटकीला मोड आधीच आणून ठेवले, तर सकाळी उसळीला फार वेळ लागत नाही.

शेतावर न्यायची भाकरी तर पहाटे होतेच. त्याच टोपलीतली एक-दोन मुलीच्या डब्यात गेली, तर वेगळा स्वयंपाक उरत नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र आल्याने कळण्याच्या भाकरीत प्रथिनांची एकमेकांतली उणीव भरून निघते. धान्य-कडधान्यातले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत लिंबाची फोड किंवा पेरू असेल तर ते अधिक शोषले जाते. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा मात्र नको. अन्न गरम असताना झाकण घट्ट लावू नये. आत वाफेचे पाणी साचते आणि खानदेशच्या उन्हात डबा लवकर आंबतो. भाकरी-उसळ आईने केली, तर डबा वडिलांनी किंवा भावाने भरावा. मुलीनेच सगळ्यांचे डबे भरायचे, असा याचा अर्थ नव्हे.

खरी अडचण अनेकदा वेळेची नसून लाजेची असते. मैत्रिणींसमोर भाकरीचा डबा उघडायला मुली संकोचतात. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा मुलांसोबत बसून भाकरी खाल्ली, तर हा संकोच कोणत्याही भाषणापेक्षा लवकर जाईल. मधली सुट्टीही निवांत जेवता येईल एवढी असावी.

शेवटी प्रश्न सरकारचाही आहे. तामिळनाडूत शाळेतले जेवण दहावीपर्यंत मिळते. आठवी संपली म्हणून मुलांची भूक संपत नाही. महाराष्ट्रानेही आणखी दोन इयत्तांचा भार उचलायला हवा. तो निर्णय होईपर्यंत दहा रुपयांपेक्षा टोपलीतली भाकरी बरी.