डिकीत स्टेपनी नसेल तर…

मैत्रिणींनो, आज एकच प्रश्न विचारते. तुमच्या गाडीत स्टेपनी आहे का? थांबा, ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणू नका. हातातलं मासिक बाजूला ठेवा, गाडीची डिकी उघडा, तळाचा पुठ्ठा उचला आणि आपल्या डोळ्यांनी बघून या. मी हे वेळेवर केलं असतं तर गेल्या आषाढातली ती संध्याकाळ माझ्या वाट्याला आली नसती.

त्या दिवशी सासूबाईंना डोळे तपासायला कुडाळला नेलं होतं. हे कामासाठी बाहेरगावी, म्हणून गाडी मीच चालवत होते. परतताना नेरूरपारचा पूल ओलांडला, काळसे मागे पडलं आणि चौक्याच्या अलीकडे गाडी एका अंगाला ओढू लागली. समोर पिवळा दिवा लागला होता. घोड्याच्या नालात उद्गारचिन्ह असावं तशी त्याची खूण. हा दिवा कसला, हे मला ठाऊक नव्हतं. उतरून बघते तो मागचं डावं चाक बसलेलं! पाऊस धरलेला, दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, फोनला रेंज नाही. म्हटलं, असू दे, स्टेपनी काढू. डिकी उघडली, पुठ्ठा उचलला, तर खाली चाकच नाही. नुसता रिकामा खण.

त्या खणात गाडीबरोबर आलेला एक काळा डबा असायचा. मे महिन्यात नणंदेच्या आंब्याच्या पेट्या कणकवली स्टेशनवर पोचवायच्या होत्या. डिकीत जागा होईना म्हणून तो डबा मीच काढून पडवीत ठेवला होता, आणि तो तिथेच राहिला. पंक्चर झालं तर स्टेपनीऐवजी वापरायचं सामान त्यात होतं. गाडी घेताना विक्रेत्याने ते सांगितलंही होतं, पण त्या वेळी आमचं सगळं लक्ष गाडीच्या रंगाकडे!

चाकाचं एक वेळ सोडा. सासूबाईंना मधुमेह आहे. खाण्याची वेळ टळून गेली होती. अर्ध्या तासाने त्यांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले. पर्समध्ये मुलासाठी घेतलेला खाजा होता. त्याचा गूळ त्यांना थोडा थोडा खायला लावला, तेव्हा कुठे त्या सावरल्या. ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. चूक कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी मासळीचा एक रिकामा टेम्पो थांबला. चालक उतरला, डिकीत डोकावला, मग पुढे लावलेल्या मूर्तीकडे बघून म्हणाला, ‘बाय, गाडयेत गणपती आसा, स्टेपनी खंय गेली?’ त्याच्याजवळ पंक्चरची पट्टी होती आणि पायाने मारायचा पंपही. खिळा काढून त्याने भोकात पट्टी ठोसली, हवा मारली आणि वीस मिनिटांत आम्हांला वाटेला लावलं. पैसे काही घेतले नाहीत. ‘चवथीक येतंय, मोदक ठेवा,’ एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर मी आधी तो डबा उघडला आणि मग गाडीबरोबरचं पुस्तक पहिल्यांदा वाचून काढलं. जे कळलं ते तुमच्या पुढ्यात ठेवते.

स्टेपनी हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो आपलाच वाटतो. पण तो आला वेल्समधून. जुन्या काळी मोटारींबरोबर जादा चाक मिळतच नसे. 1904 साली वेल्समधल्या लॅनेली गावात डेव्हिस बंधूंनी बसलेल्या चाकावर चढवायचं जादा चाक बनवायला सुरुवात केली. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवरून त्याला नाव पडलं, आणि ते आपल्याकडे आजही टिकून आहे.

आता गाड्या पुन्हा स्टेपनीवाचून येऊ लागल्या आहेत, आणि त्याला कायद्याची परवानगी आहे. 2020 च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या लहान प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाक नसलं तरी चालतं. विजेवरच्या गाड्यांना बॅटरीसाठी जागा हवी असते, सीएनजीच्या गाड्यांना टाकीसाठी. शिवाय चाकाचं वजन कमी झालं की इंधनही थोडं वाचतं. म्हणजे दोष गाडीचा नाही. आपण घरात गॅसचा दुसरा सिलिंडर ठेवतो, आणि तो भरलेला आहे ना, हेही बघतो. तसंच इथेही बघायला हवं, एवढंच.

त्या डब्यात दोन वस्तू असतात. एक हवा भरायचा छोटा पंप. तो गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटला लागतो. दुसरी चिकट द्रवाची बाटली. हा द्रव टायरमध्ये गेला की आतून भोक बुजवतो. वापरायची रीत अशी:

गाडी सपाट जागी, रस्त्याच्या कडेला घ्या. हँडब्रेक ओढा, चारही दिवे लुकलुकते ठेवा, लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर लावा. बसलेल्या चाकावर गाडी रेटत नेऊ नका. टायर कायमचा जातो.

चाकात खिळा दिसला तर ओढून काढू नका. टेम्पोवाल्याने काढला, कारण त्याच्या हाती पट्टी होती. बाटली वापरताना खिळा आत असलेलाच बरा.

बाटली आणि पंप पुस्तकात दाखवल्याप्रमाणे जोडा, गाडी चालू ठेवून हवा भरा. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं. दहा मिनिटांत हवा चढली नाही, तर भोक मोठं आहे असं समजून थांबा.

हवा चढली की लगेच चार-पाच किलोमीटर सावकाश चला, म्हणजे द्रव आत सगळीकडे पसरतो. मग पुन्हा दाब बघा आणि सरळ पंक्चरवाल्याकडे जा. टायरमध्ये द्रव घातला आहे, हे त्याला आधीच सांगा. नाही तर टायर उघडताना बिचाऱ्याचे हात बरबटतात. ही डागडुजी तात्पुरती असते, हे विसरू नका.

या बाटलीने सगळं भागत नाही. टायर बाजूने फाटला, फुटला किंवा भोक पेन्सिलीच्या जाडीएवढं असलं तर तिचा उपयोग नाही. अशा वेळी गाडी उचलून न्यावी लागते. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय आहे का, हे आजच बघा आणि तो नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे आपल्या मुंबई-गोवा रस्त्यावर, 1033 आणि कुठेही संकटात 112 हे नंबर लक्षात असू द्या. फोंडा किंवा आंबोलीचा घाट नेहमी चढणाऱ्यांनी, डिकीत जागा असेल तर, जादा चाक, जॅक आणि पाना वेगळा विकत घ्यावा. आम्ही घेतला. डिकीत पिशव्या जरा दाटीने बसतात, बसू देत.

बाटलीवर मुदतीची तारीख असते. लोणच्याच्या बरणीसारखी ती वर्षानुवर्षं टिकत नाही. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, चारही चाकांची हवा बघा. आणि एखाद्या रविवारी अंगणात तो पंप स्वतः जोडून पाहा. मी पाहिला. सासूबाई पायरीवर बसून पुस्तकातली सूचना मोठ्याने वाचत होत्या, नव्या चष्म्यातून.

आता आमच्या डिकीत तो काळा डबा आहे, विजेरी आहे, आणि खाजाचा एक पुडा कायम असतो. आंब्याच्या पेट्यांना जागा कमी पडली, तर एक पेटी घरी राहील. डबा हलणार नाही.

आणि हो, चतुर्थीला टेम्पोवाला आला होता. मोदक ठेवले होते.