स्वस्त टायर घ्या, शिळा नको

नाणोलीला ट्रॅक झाल्यापासून माझ्याकडे एक प्रश्न वारंवार येतोय. "दादा, गाडी बारा-पंधरा वर्षं जुनी आहे, ट्रॅक डेला न्यायचीय. कमी पैशात ग्रिपवाले टायर कुठले घेऊ?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन थकलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. पण यात फक्त गाडीवेड्यांचा प्रश्न नाही, म्हणून गाडीशी संबंध नसलेल्यांनीही वाचा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंद ट्रॅकवर आपलीच गाडी, हेल्मेट घालून, पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांत चालवायची. समोरून ट्रक येत नाही, आडवी म्हैस येत नाही. वेगाची हौस कुणाला नसते? ती ताम्हिणीच्या वळणावर किंवा एक्स्प्रेस वेवर भागवण्यापेक्षा ट्रॅकवर भागवलेली बरी. "ही श्रीमंतांची थेरं" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. ज्या पोरांना ट्रॅक परवडत नाही ती घरी बसत नाहीत, घाटात जातात. त्यामुळे ट्रॅक डे स्वस्तात आणि सुरक्षित व्हावा, यात तुमचाही फायदा आहे.

आता टायरकडे येऊ.

हजार किलोची गाडी रस्त्याला धरून असते ती जेमतेम चार तळहातांएवढ्या रबरावर. इंजिनात कितीही पैसे ओता, ब्रेक कितीही भारी लावा, शेवटी सगळा हिशोब त्या चार तळहातांवर होतो. आणि नेमकं तिथेच आपल्याकडे बाजार मांडलाय तो "इम्पोर्टेड सेकंड हँड"चा.

गेल्या पावसाळ्याआधी एका दुकानात मला असाच एक सेट दाखवला. "साहेब, जपानचा माल, नक्षी बघा, नव्वद टक्के शिल्लक. नव्याच्या निम्म्या किमतीत देतो." नक्षी खरंच छान होती. मी टायरच्या बाजूवरचा आकडा शोधला. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे होतं ३६१४. म्हणजे २०१४ सालचा छत्तिसावा आठवडा. दहा वर्षांहून जुनं रबर! विचारलं तर म्हणे, "वापरलाच नाही हो, नुसता पडून होता."

नुसता पडून होता, हेच तर दुखणं आहे. रबर हवेतल्या ऑक्सिजनने, ओझोनने, उन्हाने आणि उष्णतेने कडक होत जातं. गोडाऊनमध्ये पडून राहिलं तरी होतं. नक्षी तशीच दिसते, पकड निघून जाते. त्यात हा माल कुठे, कसा, किती तापला, कुठल्या खड्ड्यात आपटला, आतले तार-धागे शाबूत आहेत का, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ट्रॅकवर टायर रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. तिथे असा टायर लावून जाणं म्हणजे शिळी भाजी गरम करून ताजी म्हणून वाढणं. फरक इतकाच, की इथे पोट बिघडण्यावर भागत नाही.

आणि हे कुठे चाललंय बघा. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना, भांडुप-नाशिकला सीएट, वाळूजला गुडइयर, गोव्यात फोंड्याजवळ उसगावला एमआरएफ. टायर आपल्या अंगणात बनतात, आणि आपली पोरं दुसऱ्या देशाने टाकून दिलेलं रबर "परफॉर्मन्स" म्हणून विकत घेतात!

असं का होतं? याला तीन कारणं आहेत, आणि तिन्ही सार्वजनिक आहेत.

पहिलं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात "मुक्त" यादीतून काढून "प्रतिबंधित" यादीत टाकली. म्हणजे परवाना हवा. देशी उद्योगाला संरक्षण द्यायचं तर द्या, मी विरोधात नाही. पण तेरा-चौदा इंची मापात ट्रॅकसाठीचे मऊ टायर आपल्या दुकानांत जवळपास मिळतच नाहीत. छोटी मागणी, म्हणून इथे कुणी बनवत नाही, आणि बाहेरून सरळ मार्गाने आणणं अवघड. सरळ दरवाजा बंद झाला की मागचा उघडतो, आणि मागच्या दरवाजातून येणाऱ्या मालाला ना बिल, ना वॉरंटी.

दुसरं. ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि घर्षणामुळे वाया जाणारं इंधन यांचे किमान निकष सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केले. चांगलं केलं. पण तो निकाल पास-नापास. कुठला टायर काठावर पास झाला आणि कुठला डिस्टिंक्शनमध्ये, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर लेबल असतं, त्यावर ओल्या पकडीची श्रेणी स्पष्ट छापलेली असते. आपल्याकडे तारे देणारं लेबल आहे, पण ते ऐच्छिक, आणि त्याचा भर इंधन बचतीवर. चार महिने पाऊस झोडपतो त्या कोकण-घाटाच्या राज्यात ओल्या रस्त्यावर थांबण्याची माहिती मिळत नाही, हे आपण निमूटपणे चालवून घेतो!

तिसरं. कायद्यात कारच्या टायरच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर सांगितलीय. टायरच्या वयाची मर्यादा नाही. त्यामुळे गोटा झालेला टायर पकडला जाऊ शकतो, पण दहा वर्षांचा कडक टायर नक्षीच्या जोरावर ताठ मानेने फिरतो.

यावर लोक म्हणतील, "नियम बदलतील तेव्हा बदलतील. आज खिशात वीस हजार आहेत, काय घेऊ?" रास्त प्रश्न. माझं उत्तर असं:

१) ताजा टायर घ्या. चालू वर्षाचा, फार तर मागच्या वर्षाचा. चारही टायरचे अंक स्वतः वाचा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा.

२) ब्रँडच्या भांडणात पडू नका. नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचा साधा पण ताजा रोड टायर, जुन्या "सेमी-स्लिक"पेक्षा भरवशाचा. आपण त्याच टायरवर ट्रॅकला जातो आणि त्याच टायरवर घरी येतो, हे विसरू नका. नाणोली जवळ आहे, पण उद्या कोइंबतूरच्या करी स्पीडवेला जायचं ठरलं तर एका बाजूनेच हजार किलोमीटरच्या वर पडतील, वाटेत पाऊसही लागेल.

३) माप सांभाळून वाढवा. गाडीला १६५/८० आर १४ असेल, तर १८५/७० आर १४ ने चाकाचा व्यास ६२० मिलिमीटरवरून ६१५ वर येतो, म्हणजे एक टक्काही फरक नाही. रुंदी मात्र दोन सेंटिमीटरने वाढते. तेच १८५/६५ घेतलात तर व्यास जवळपास चार टक्के घटतो, स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो, गाडी खाली बसते. रिम तेवढी रुंद आहे ना आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासत नाही ना, हे बघूनच पैसे द्या.

४) "सोळा-सतरा इंची मॅगव्हील टाक, मग बघ गाडी" असं सांगणाऱ्या रीलवाल्यांना नमस्कार करा. मोठं चाक बहुधा जड, टायर महाग आणि जुनं इंजिन त्या वजनाखाली कण्हतं. तेच पैसे टायर, ब्रेक ऑइल आणि ब्रेक पॅडवर घाला.

५) मापानंतरचं अक्षर बघा. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. "माझी गाडी कुठे दोनशे जाणार?" असं म्हणू नका. वरच्या अक्षराचा टायर जास्त उष्णता सोसेल असा बांधलेला असतो, आणि ट्रॅकवर गाठ उष्णतेशीच असते. अक्षराआधीचा भाराचा आकडा मात्र मूळ टायरपेक्षा कमी नको.

६) बाजूवर ट्रेडवेअरचा आकडा असेल तर तो जितका कमी तितकं रबर साधारणपणे मऊ आणि लवकर झिजणारं. पण हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये करा.

७) हवा. घरून निघताना दारावरच्या पट्टीवर लिहिलेली थंड टायरची हवा भरा. ट्रॅकवर तापल्यावर ती चार-सहा पीएसआय सहज वाढते. टायरच्या कडेला खडूने रेघ ओढा. सत्रानंतर रेघ बाजूपर्यंत पुसली गेली असेल तर टायर आडवा पडतोय, थोडी हवा वाढवा. आणि परत निघताना टायर थंड झाले की हवा मूळ मापावर आणा. हे न करता हायवेला लागणारे मी बघितलेत.

पैशांचं म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. मूळ किंमत चार हजार धरली तर ५,१२० चा टायर ४,७२० ला पडायला हवा. चारांमागे सोळाशे रुपये. बिल घ्या आणि हा फरक तुमच्यापर्यंत पोचलाय का ते बघा. बिलाशिवाय "अजून कमी करतो" म्हणणाऱ्याकडे ते सोळाशे आणि तुमचा हक्क दोन्ही जातात.

आता मागण्या. सरकारकडे दोन: ओल्या पकडीची श्रेणी टायरवर छापणं बंधनकारक करा, आणि इथे न बनणाऱ्या मापांच्या क्रीडा टायरसाठी छोट्या संख्येच्या आयातीची सोपी वाट ठेवा. दुकानदारांकडे एक: बिलावर टायरच्या उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष लिहा. लपवण्यासारखं काही नसेल तर अडचण काय? आणि ट्रॅक डे भरवणाऱ्यांकडे एक: हेल्मेट तपासता तसे टायरचे अंकही गेटवरच तपासा. सहा वर्षांपुढचा टायर असेल तर गाडी आत सोडू नका. एखादा चिडेल, फी परत मागेल. मागू दे.

माझी स्वतःची गाडी २००९ ची आहे. तिला ताजे टायर लावायला मला कर्ज काढावं लागलं नाही. पुढच्या वेळी कुणी "जपानचा माल" म्हणून टायर पुढे सरकवला, तर मोबाइलचा टॉर्च लावा, वाका आणि ते चार अंक मोठ्याने वाचा. दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाऊ द्या.

आणि हो, आत्ता खाली जा, आपल्या गाडीच्या टायरवरचे चार अंक बघा आणि कमेंटमध्ये टाका. ट्रॅकवर जाणारे आणि न जाणारे, दोघांनीही.