अल्बमला चंद्र कशाला हवा?

दरवर्षी स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, तुमची ईद नक्की कधी? सौदीत कालच झाली म्हणे!" मी हसतो. चंद्र दिसायला क्षितिज लागतं आणि ते प्रत्येक गावाचं वेगळं, हे भूगोलाच्या सरांनाही ठाऊक आहे.

पण छापून, गठ्ठे बांधून तयार ठेवलेल्या अल्बमला कुठलं क्षितिज? 2015 च्या जुलैपर्यंत नव्या अल्बमचा दिवस जर्मनीत शुक्रवार, ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार. याला मात्र कुणी हसलं नाही. त्याला 'मार्केटिंग' म्हणायचं! (संगीत जायज की नाजायज हा वाद आज बाजूला ठेवू. आपली मुलं गाणी ऐकतात, हे आपण सगळेच जाणतो.)

हे नुसतं दोनचार दिवसांचं प्रकरण नव्हतं. अडेलचा '21' ब्रिटनमध्ये 24 जानेवारी 2011 रोजी निघाला, अमेरिकेत 22 फेब्रुवारीला. मधले चार आठवडे इंटरनेट काही बंद नव्हतं. अमेरिकेतल्या पोरानं तारीफ वाचायची, तुकडे ऐकायचे आणि खिशात पैसे घेऊन गप्प बसायचं. बिर्याणीची देग उघडायची, वास गल्लीभर सोडायचा, दुकानाचं शटर मात्र खाली. मग कुणी खिडकीतून हात घातला की "चोर, चोर!" म्हणून ओरडायचं. चोरी ती चोरीच, वर्गात मी हेच सांगतो. पण शटर कुणी पाडलं, हेही विचारायला नको?

कंपन्यांची बाजू अशी की, ब्रिटनमध्ये अडेल एक्सएलकडे, अमेरिकेत कोलंबियाकडे. शिवाय गायिका एकाच दिवशी दोन देशांच्या टीव्हीवर कशी बसणार? ठीक. पण ही सोय विकणाऱ्याची होती, तिची किंमत ऐकणाऱ्यानं का मोजायची?

आणि खोड जुनी आहे. बीटल्सचा 'रिव्हॉल्वर' ब्रिटनमध्ये 5 ऑगस्ट 1966 रोजी आला, अमेरिकेत तीनच दिवसांनी. पण ब्रिटिश रेकॉर्डवर 14 गाणी, अमेरिकी रेकॉर्डवर 11! उरलेली तीन कॅपिटल कंपनीनं जूनमध्येच दुसऱ्या रेकॉर्डवर घालून विकली होती. एका पुस्तकाची तीन पानं फाडून दुसऱ्या पुस्तकात चिकटवावीत, तसं.

शेवटी 10 जुलै 2015 पासून रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं सगळीकडे एकच दिवस ठरवला. कोणता? शुक्रवार! ती बातमी मी स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाढली. आणि या बदलामागे सांगितलेली कारणं बघा: एका देशात मिळतं, दुसऱ्यात नाही, यानं श्रोते वैतागतात, एकच दिवस ठेवला तर पायरसीला आळा बसेल. म्हणजे कुलूप कुणाचं होतं, याचा कबुलीजबाबच. श्रोत्यांची माफी मात्र कुणी मागितली नाही.

तारीख एक झाली म्हणून रांग संपली असंही नाही. आता ती ॲपची आहे. बियॉन्सेचा 'लेमोनेड' एप्रिल 2016 मध्ये निघाला. विकत घ्या, नाहीतर टायडल या एकाच सेवेवर ऐका. स्पॉटिफायवर यायला त्याला एप्रिल 2019 उजाडलं. खुद्द स्पॉटिफाय स्वीडनमध्ये 2008 साली सुरू झालं, आपल्याकडे आलं फेब्रुवारी 2019 मध्ये.

मधल्या दहा वर्षांत आपल्या पोरांनी मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपये देऊन कार्डात गाणी भरून घेतली, तर त्यांचं नाव चोरांच्या यादीत.