हुकूम मंत्रालयाचा, खर्च धडगावचा

आग लागली, दरड कोसळली, बाळंतीण अडली तर धावून जायचे कोणी, याचा नियम मुंबईत ठरतो आणि मुंबईतच बदलतो. तो बदल अमलात आणायला किती माणसे, किती डिझेल आणि किती रुपये लागतील याचा हिशेब मात्र नियम बदलून झाल्यावर सुरू होतो, तोही ज्यांच्या तिजोरीत काही नाही त्यांच्या दारात. नंदुरबार जिल्ह्याची आपत्कालीन सेवा दुबळी राहण्यामागे घाट, नदी आणि पाऊस ही कारणे आहेतच. पण त्याहून मोठे कारण या हिशेबाच्या उलट्या क्रमात आहे.

मुळापासून पाहू. ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली आणि तिच्यात अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांकडे दिला. पंचायतींसाठी केलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. नंदुरबारमध्ये याचा अर्थ काय होतो? नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या नगरपरिषदा आणि धडगावची नगरपंचायत यांची हद्द संपली की उरलेल्या जिल्ह्यात आग विझवणे ही कोणाचीच ठरलेली जबाबदारी नाही. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि तिच्यातले शंभरातले ऐंशीहून अधिक लोक या उरलेल्या भागात राहतात. सातपुड्यातली कुडाची घरे, शहाद्याकडचे उसाचे फड, नंदुरबारच्या वेशीबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या, सगळे त्यातच आले. तिथे आग लागली की तहसीलदारांचा फोन येतो आणि नगरपरिषदेचा बंब हद्द ओलांडून निघतो. माणुसकी म्हणून तो जातो, जायलाच हवा. पण त्याचे डिझेल आणि त्यावरच्या माणसांचा पगार शहरातला घरपट्टी भरणारा देतो, आणि बंब बाहेर असेपर्यंत त्याचे शहर उघडे राहते.

आता एका गाडीचा खर्च मांडून पाहू. शासनाच्या अनुदानातून बंब मिळाला, नारळ फुटला, फोटो छापून आला. त्या बंबावर चालक, एक प्रमुख आणि चार जवान धरले तर एका पाळीला सहा माणसे लागतात. दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे अठरा. साप्ताहिक सुट्टी, आजारपण, रजा धरली की आकडा वीस-बाविसावर जातो. ही माणसे नेमायची तर नगरपरिषदेच्या आकृतिबंधात पदे हवीत, पदांना नगरविकास विभागाची मंजुरी हवी, आणि मंजुरी मिळाली तरी आस्थापना खर्चाची मर्यादा आडवी येते. एक नियम सांगतो पथक ठेवा, दुसरा नियम सांगतो माणूस नेमू नका. मग बंबावर कंत्राटी चालक आणि पाणीपुरवठ्यातून उसना घेतलेला कर्मचारी चढतो. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाला पेटत्या घरात पाठवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

हे टाळण्याची एक सोय आपल्या संसदीय पद्धतीत आहे. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय विधेयक संमत होत नाही, आणि अशा विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. पण या ज्ञापनात राज्याच्या तिजोरीवर पडणारा भार मोजतात. नगरपरिषदेवर, जिल्हा परिषदेवर, ग्रामपंचायतीवर पडणारा भार मोजण्याचे बंधन नाही. म्हणून एकत्रित निधीवर विशेष भार नाही, असे सांगून विधेयक पुढे सरकू शकते आणि स्थानिक संस्थेच्या डोक्यावर कायमचा खर्च बसतो. शासन निर्णयाने नियम बदलला तर तेवढीही चर्चा सभागृहात होत नाही. २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा चांगला आहे, त्याची गरज होती. दर जानेवारीत आणि जुलैत इमारतीतली अग्निरोधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र मालकाने द्यायचे, ते अग्निशमन अधिकाऱ्याने तपासायचे. मुंबई-पुण्यात हे शक्य आहे. नवापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कापड कारखाने, शहाद्याच्या जिनिंग, दवाखाने, आश्रमशाळा यांची तपासणी करणारा पात्र अधिकारी इथे कोणत्या पगारावर, कोणत्या पदावर बसवायचा, हा प्रश्न कायदा करतानाच विचारायला हवा होता.

रुग्णवाहिकेची गोष्ट वेगळी नाही. १०८ची सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिने राज्यभर असंख्य जीव वाचवले. पण गाड्यांच्या वाटपामागचा सर्वसाधारण निकष लोकसंख्येचा आहे. लाखामागे एक साधी रुग्णवाहिका, पाच लाखांमागे एक अतिदक्षतेची सोय असलेली. या हिशेबाने नंदुरबारला सोळा-सतरा साध्या आणि तीन मोठ्या गाड्या येतात. मैदानी जिल्ह्यात हा निकष ठीक. अक्राणी तालुक्यात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला डोंगर उतरून चढावा लागतो आणि सरदार सरोवराचे पाणी जिथे शिरले त्या ३३ गावांच्या पट्ट्यात गाडीऐवजी बोटच लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा चालत निघाला आणि दवाखाना गाठण्याआधी तिने प्राण सोडला. रुग्णवाहिकांची संख्या दुप्पट असती तरी त्या दिवशी दरडीपलीकडे उभी राहणारी गाडी, दरड हटवणारे यंत्र आणि दोन्हींना एकाच वेळी हलवणारा एक अधिकारी लागला असता. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याला आहे. धुळ्याहून सातपुड्याच्या घाटापर्यंत पोचायचे तर पहिले तास निघून जातात.

वित्त विभागाचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. राज्यावर कर्ज आहे, प्रत्येक तालुक्याला पूर्ण केंद्र परवडणार नाही. पण खर्च आजही होतोच आहे. तो करणारे लोक वेगळे आहेत एवढेच. रात्री जीपवाल्याला दामदुप्पट भाडे देणारा बाप, बांबूला झोळी बांधून बाळंतिणीला रस्त्यापर्यंत आणणारे चार भाऊबंद, घर जळाल्यावर सावकाराच्या दारात जाणारे कुटुंब हा खर्च भरते. तो कोणत्याही ज्ञापनात नोंदला जात नाही म्हणून शासनाची बचत दिसते.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९७९ मध्ये राज्यघटनेतच लिहून घेतले की राज्याने स्थानिक संस्थांवर नवे काम किंवा वाढीव सेवा लादली तर त्याचा खर्च राज्याने भरून द्यावा. वॉशिंग्टन राज्यात विधेयकाचा स्थानिक संस्थांवर किती भार पडेल याचा लेखी अंदाज काढण्याची व्यवस्था १९७७ पासून आहे. तिथेही वाद होतात, पैसे थकतात. पण आकडा आधी समोर येतो, आणि आकडा समोर असला की आमदाराला त्यावर बोलावे लागते. आपल्याकडे कर्नाटकाने १९६४च्या कायद्याने राज्याचे एकच अग्निशमन दल उभे केले. तिथे जवानाचा पगार नगरपालिकेच्या घरपट्टीवर अवलंबून नाही.

महाराष्ट्रापुढे हा प्रश्न पुन्हा येणारच आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये अग्निशमन व आपत्कालीन सेवांचे आदर्श विधेयक राज्यांना पाठवले. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २०२१ ते २०२६ या काळासाठी अग्निशमन दलांच्या विस्ताराला ५,००० कोटी रुपये ठेवले गेले. त्यातले ५०० कोटी कायद्यात आणि यंत्रणेत सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी राखीव होते. महाराष्ट्रासारख्या राज्याने प्रकल्पखर्चाचा २५ टक्के वाटा स्वतः उचलायचा होता. अशा पैशातून गाड्या, इमारती, साधने येतात. पुढची पंचवीस वर्षे पगार कोणी द्यायचा हे मात्र राज्यालाच ठरवावे लागते. बक्षिसाच्या ओढीने कायदा बदलायचा आणि पगार तळोद्यावर किंवा धडगावच्या नगरपंचायतीवर ढकलायचा, हे यापुढे चालू देता कामा नये. पेसा गावांना मिळणाऱ्या अबंध निधीकडे बोट दाखवणे तर मुळीच नको. तो ग्रामसभांचा पैसा आहे.

म्हणून नंदुरबारच्या चारही आमदारांकडे आणि पालकमंत्र्यांकडे आमची मागणी साधी आहे. आपत्कालीन सेवेच्या नियमात बदल करणारे कोणतेही विधेयक किंवा शासन निर्णय आला तर त्यासोबत जिल्हावार खर्चाचा तक्ता मागावा. त्यात पदे, पगार, इंधन, दुरुस्ती आणि पाच वर्षांनंतरचा भार लिहिलेला असावा. डोंगरी आणि नदीकाठच्या तालुक्यांसाठी निकष माणसांच्या संख्येवर न ठेवता पोचायला लागणाऱ्या वेळेवर ठेवावा. धडगाव आणि मोलगी या दोन ठिकाणी अग्निशमन, बचाव आणि रुग्णवाहिका यांचे एकत्र केंद्र राज्याच्या पगारावर उभे करावे, आणि त्यात सातपुड्यातलेच भिल्ल, पावरा तरुण-तरुणी प्रशिक्षण देऊन नेमावेत. त्यांना वाटा माहीत आहेत, बोली येते. या दोन केंद्रांचा वार्षिक खर्च किती, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने काढावा आणि पुढच्या अर्थसंकल्पाआधी लोकांसमोर ठेवावा.