बटणांचा साधा फोन : जमा आणि नावे

अनेक व्यापारी कुटुंबांत आज एकाच घरात दोन प्रकारचे भ्रमणध्वनी नांदतात. मुले-सुना मोठ्या पडद्याचा स्मार्टफोन वापरतात, तर पेढीवर बसणारे वडील खिशात मावणारा बटणांचा फोन सोडायला तयार नसतात. त्यावरून घरात थट्टा होते, क्वचित वादही होतो. अशा वेळी खतावणीप्रमाणे दोन्ही बाजू मांडून पाहणे हिताचे ठरते.

प्रथम जमेची बाजू. हा फोन स्वस्त असतो आणि एकदा चार्ज केला की बहुधा दोन-तीन दिवस चालतो. पाचच्या बटणावरील उंचवटा बोटाला लागतो, त्यामुळे दृष्टी मंदावलेल्यांनाही क्रमांक फिरवता येतो. २००३ साली आलेला नोकिया ११०० जगभरात पंचवीस कोटींहून अधिक विकला गेला, तो याच साधेपणामुळे आणि माथ्यावरील विजेरीमुळे. शिवाय यात चित्रफितींचा अखंड ओघ नसतो. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे फोनवाचून काढणे ज्यांना जड जाते, त्यांना भोगोपभोग परिमाण व्रताचा अर्थ या छोट्या वस्तूतून सहज उमगावा.

आता नावेची बाजू. मालाचा नमुना, दरपत्रक किंवा पावतीचे छायाचित्र यावर सोयीने पाहता येत नाही. देवनागरीत लघुसंदेश लिहू जाता एका संदेशात केवळ सत्तर अक्षरचिन्हे मावतात. रोमन लिपीत एकशे साठ. फक्त टूजीवर चालणाऱ्या फोनमध्ये जिओचे सिमकार्ड उपयोगी पडत नाही. म्हणून घेतानाच फोरजीची खात्री करावी. पैसे पाठवण्याची वाट मात्र बंद नाही. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ सुरू केले. इंटरनेटवाचून, ठरावीक क्रमांकावर फोन करूनही रक्कम देता येते.

साधा फोन म्हणजे फसवणुकीपासून अभय, हा मात्र भ्रम आहे. गोड बोलून ओटीपी विचारणाऱ्याला समोरचा फोन कोणता, याच्याशी कर्तव्य नसते.

खरा धोका वेगळाच असतो. सोय म्हणून वडिलांच्या खात्याला मुलाचा किंवा पेढीवरील कारकुनाचा क्रमांक जोडला जातो. मग खात्यातून रक्कम गेल्याची सूचना खातेदाराला पोहोचतच नाही. बँक व ग्राहक दोघांचाही दोष नसताना तिऱ्हाइताने रक्कम लांबवली आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक सांगते. सूचना दुसऱ्याच्याच खिशात वाजली, तर हे दिवस नकळत सरतात. घरातील सलोखा कितीही असो, आयुष्यभर स्वतःचा हिशेब ठेवलेल्या माणसाला वृद्धपणी आपल्या शिलकीसाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागावे, हेही योग्य नव्हे.

म्हणून वडिलांच्या हाती साधा फोन खुशाल राहू द्यावा. परंतु त्यांच्या खात्याला त्याच फोनचा क्रमांक जोडावा. बँकेचा संदेश उघडून वाचायला नातवंडांनी त्यांना शिकवावे. फसवणूक झाल्यास लावावयाचा १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत गल्ल्याजवळ लिहून ठेवावा. तो लावायला बटणांचा फोनही पुरेसा आहे.