पडदा येण्यापूर्वीच परीक्षा

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की शाळांच्या प्रयोगशाळांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "सर, डिस्प्ले अजून आला नाही, म्हणून काम थांबले आहे." ही सबब मान्य करण्यासारखी नाही, असे आमचे मत आहे.

तापमान दाखविणारे एखादे उपकरण घ्या. त्यावर सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा लहानसा पडदा असतो. अशा बहुतेक पडद्यांमागे जपानच्या हिताची कंपनीची एचडी ४४७८० ही चिप, किंवा तिच्याबरहुकूम चालणारी दुसरी चिप असते. 'अमुक जागी अमुक अक्षर दाखव' ही आपली इच्छा त्या चिपला समजतील अशा आज्ञांमध्ये मांडणारा प्रोग्रॅमचा भाग म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर. या आज्ञा चिपच्या माहितीपत्रकात छापलेल्या असतात. मग पडदा हाती नसला म्हणून अडते कुठे?

चौकटींची वही घ्या. या चिपच्या स्मृतीत ८० अक्षरे मावतात. पहिल्या ओळीच्या घरांचे क्रमांक ० ते ३९, तर दुसरीच्या ६४ ते १०३. प्रत्येक ओळीतील पहिली सोळाच घरे पडद्यावर दिसतात. एका विद्यार्थ्याने चिप व्हावे. दुसऱ्याने ड्रायव्हरच्या आज्ञा एकेक करून वाचाव्यात. पहिल्याने सांगितलेल्या घरात अक्षर लिहावे आणि बोट पुढच्या घरावर न्यावे. संगणक असेल तर हीच वही प्रोग्रॅमच्या रूपात उतरवता येईल. झाला तुमचा नकली पडदा तयार!

पण येथे एक धोका आहे. पहिल्या ओळीत ० ते १५ ही घरे दिसतात, तेव्हा दुसरी ओळ १६ पासून सुरू होणार, असा तर्क कोणीही करील. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानेच वही आखली, तर हा चुकीचा तर्क दोन्हीकडे उतरेल. वहीत सारे ठीक दिसेल आणि खऱ्या पडद्याची दुसरी ओळ मात्र कोरी राहील. म्हणून आमचा आग्रह असा, की ड्रायव्हर एकाने लिहावा आणि नकली पडदा दुसऱ्याने करावा. दोघांनीही माहितीपत्रक स्वतंत्रपणे वाचावे. दोघांचे जुळले नाही, तर माहितीपत्रक पुन्हा उघडावे.

१९७५ साली अमेरिकेत पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी आल्टेअर ८८०० या संगणकासाठी बेसिक भाषा तयार केली, तेव्हा तो संगणक त्यांच्याजवळ नव्हता. ॲलन यांनी इंटेल ८०८० या प्रोसेसरची नक्कल हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर उभी केली. भाषेचा मुख्य भाग गेट्स यांनी लिहिला. आल्बुकर्क येथे खऱ्या यंत्रावर ती भाषा चालली. मात्र फितीवरचा प्रोग्रॅम यंत्रात भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा राहून गेला होता. तो ॲलन यांनी विमानात बसून लिहिला. ही उणीव नकली यंत्राने दाखवून दिली नव्हती.

आपल्या वहीचेही तसेच आहे. खऱ्या चिपला एक अक्षर लिहायला सुमारे ४० मायक्रोसेकंद लागतात, पण सारा पडदा पुसायला सुमारे दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात पुढची आज्ञा आली, तर ती वाया जाऊ शकते. वही मात्र कितीही वेळ धीर धरते! म्हणून चिप झालेल्या विद्यार्थ्याने मधूनमधून "थांब, मी कामात आहे" असेही म्हणावे.

शिक्षकांना एक विनंती. प्रकल्पाच्या वहीत दोन रकाने करवून घ्या : 'नकली पडद्यावर तपासले' आणि 'खऱ्या पडद्यावर तपासायचे'. जोडणीच्या तारा, विद्युतदाब, अक्षरांचा ठळकपणा या गोष्टी दुसऱ्या रकान्यातच राहणार. पण पहिला रकाना आधीच भरलेला असेल, तर पडदा आल्यावर एखादा दोष निघालाच, तरी तो कोठे शोधायचा हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेल.